‘कॉल ऑफ इट’ की ‘कॉल इट ऑफ’: पाठ करूनही फ्रेझल वर्ब का चुकतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मराठी माध्यमात शिकल्या. आता एका कंपनीच्या डिस्पॅच विभागात आहेत आणि परदेशातल्या ग्राहकांशी फोनवर बोलणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी २०० फ्रेझल वर्ब, म्हणजे ‘कॉल ऑफ’सारख्या क्रियापद आणि त्यामागचा छोटा शब्द यांच्या जोड्या, अर्थासकट पाठ केलेत. तरी बोलताना ऐनवेळी एकही आठवत नाही, आठवला तर चुकतो. मीटिंग रद्द झाल्याचं सांगताना त्या ‘वी कॉल्ड ऑफ इट’ म्हणाल्या. साहेबांनी नंतर चूक काढली, पण का चूक ते काही सांगितलं नाही. दुसऱ्या एका फोनवर गप्पांच्या ओघात त्या म्हणाल्या, ‘माय ब्रदर पास्ड आउट लास्ट इयर.’ पलीकडच्या बाईंनी काळजीने विचारलं, ‘ओ नो, इज ही ऑलराइट नाउ?’ आता ताई विचारतात, ‘आणखी किती पाठ करू?’

ताई, आणखी एकही करू नका. जे २०० केलेत त्यातलेही दीडशे विसरलात तरी चालेल.

मी २२ वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतोय. पहिली काही वर्षं मीही याद्याच वाटत होतो. ‘लुक’ची यादी, ‘गेट’ची यादी, ‘पुट’ची यादी. एकदा वाक्यं लिहायला दिली तर एका शेतकरी विद्यार्थ्याने लिहिलं की हरवलेल्या म्हशीला वडिलांनी दोन दिवस ‘लुक्ट आफ्टर’ केलं. म्हणजे इंग्रजीत झालं काय, तर म्हैस हरवलेली आणि वडील दोन दिवस तिची मस्त काळजी घेतायत! वर्ग हसला. त्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘सर, आफ्टर म्हणजे मागं. बाबा दोन दिवस म्हशीच्या मागं हिंडले की.’ त्याचं तर्कशास्त्र माझ्या यादीपेक्षा चांगलं होतं. त्याने मागच्या शब्दाकडे पाहिलं होतं, आणि पाहायचं तिथेच असतं. फक्त ‘रन आफ्टर’मधला मागे धावणारा ‘आफ्टर’ त्याने ‘लुक’ला जोडला. त्याला हवा होता ‘लुक फॉर’, म्हणजे शोधणं. त्या दिवसापासून याद्या बंद केल्या.

आपल्यातल्या ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना एक श्लोक आठवत असेल: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥’ उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो. धातू एकच, ‘हृ’. पण प्रहार म्हणजे घाव, आहार म्हणजे जेवण, संहार म्हणजे नाश, विहार म्हणजे हिंडणं. फ्रेझल वर्बची याहून नेमकी व्याख्या मला इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत सापडलेली नाही. फरक एवढाच की संस्कृतात हा बळजबरी करणारा शब्द पुढे येऊन चिकटतो, इंग्रजीत तो मागे येतो आणि सुटा राहतो. वैदिक भाषेत तर तोही सुटा असे. पाणिनीने ‘छन्दसि परेऽपि’ आणि ‘व्यवहिताश्च’ अशी दोन सूत्रं त्यासाठीच दिली आहेत: वेदात उपसर्ग धातूनंतरही येतो, आणि मध्ये दुसरे शब्दही येतात. ‘टर्न द लाइट ऑफ’मध्ये दुसरं काय होतं? तेव्हा ही भानगड इंग्रजांनी फक्त आपल्याला छळायला काढली असं समजू नका. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलंय की परक्यांना सगळ्यात जड जातं ते हेच.

आणि नुसती मराठी येणाऱ्यालाही ही गोष्ट परकी नाही. ‘दे’ आणि ‘देऊन टाक’ यांत फरक काय, हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही. ‘टाकणे’चा फेकण्याशी तिथे काही संबंध उरलेला नसतो, तो ‘एकदाचं, पुरतं’ असा रंग देतो. तसाच रंग इंग्रजीत ‘अप’, ‘अवे’, ‘ऑफ’, ‘आउट’ देतात. ‘देऊन टाक’ म्हणजे ‘गिव्ह इट अवे’. ‘खाऊन टाक’ म्हणजे ‘ईट इट अप’. कागद फाडून टाकला, ‘टोअर इट अप’. लिहून घे, ‘राइट इट डाउन’. त्याचं ऐकून तर घे, ‘हिअर हिम आउट’. करत राहा, ‘कॅरी ऑन’. विहीर आटून गेली, ‘ड्राइड अप’. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला ‘बसून घे’, ‘बसून राहा’ आणि ‘बसवून टाक’ यांत काय फरक ते समजावून पाहा, म्हणजे इंग्रज शिक्षकाची दया येईल. माझं म्हणणं एवढंच की फ्रेझल वर्बचा अर्थ एका सुट्या मराठी शब्दाने लिहू नका, अशा जोडक्रियापदाने लिहा. वहीत ‘गिव्ह अप = त्याग करणे’ असं लिहिलंत तर तो तोंडात कधीच येणार नाही, कारण तुम्ही मराठीत तरी ‘मी चहाचा त्याग केला’ म्हणता का? ‘सोडून दिला’ म्हणता. तेच लिहा.

आता तुमचा ‘कॉल्ड ऑफ इट’. इथे जरा थांबू, कारण निम्म्या चुका याच एका ठिकाणी होतात.

मागे येणारे शब्द दोन जातीचे. ‘अप, डाउन, आउट, अवे, बॅक, ऑफ’ ही एक जात. यांना स्वतःचं वजन असतं, ते क्रियापदापासून दूर जाऊन उभे राहू शकतात. म्हणून ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं. पण ‘लाइट’च्या जागी ‘इट, हिम, हर, देम’ असा चिमुकला शब्द आला की तो मध्येच बसला पाहिजे: ‘टर्न इट ऑफ’. कारण ‘इट’ म्हणजे आधीच बोलून झालेली गोष्ट, तिच्यात नवं काही नाही, आणि इंग्रजी वाक्याची शेवटची जागा वजनदार शब्दासाठी राखलेली असते. उलट वस्तूचं नाव लांबलचक असेल, समजा ‘मागच्या गोदामातले पत्र्याखालचे दिवे’, तर ते मध्ये कोंबू नका, शेवटी जाऊ द्या. ऐकणारा ‘ऑफ’ची वाट बघून थकतो.

दुसरी जात ‘आफ्टर, फॉर, ॲट, इंटू, विथ, फ्रॉम, टू’ यांची. हे आपल्या शब्दयोगी अव्ययांसारखे, ‘साठी’, ‘कडे’, ‘पासून’. ज्याच्यासाठी आले त्याला सोडून राहत नाहीत. त्यामुळे ‘लुक ॲट इट’, ‘लुक फॉर हिम’, ‘डील विथ देम’. यांत वस्तू कधीच मध्ये येत नाही, नाव असो की सर्वनाम. ‘ऑन’, ‘इन’ आणि ‘ओव्हर’ मात्र दोन्ही घरचे पाहुणे. हेल्मेट ‘पुट इट ऑन’, पण बस ‘गेट ऑन इट’.

हे पाठ न करता ओळखायचं कसं? कानाने. मोठ्याने म्हणा, ‘टर्न इट ऑफ’. जोर ‘ऑफ’वर पडतो. मग म्हणा, ‘लुक ॲट इट’. जोर ‘लुक’वर, आणि ‘ॲट’ जवळजवळ गिळला जातो. ज्या शब्दावर जोर पडतो तो पहिल्या जातीचा, आणि त्याच्या आधी ‘इट’ बसतो. मी वर्गात टेबलावर टिचकी मारून हे करून घेतो. पहिल्या दिवशी लोकांना पोरखेळ वाटतो, पण आठवडाभरात ‘कॉल ऑफ इट’ हे त्यांनाच बेसूर वाटायला लागतं.

तीन शब्दांचे असतील तर सोपं: वस्तू बहुतेक वेळा शेवटी. ‘रन आउट ऑव्ह’, ‘पुट अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘लुक फॉरवर्ड टू’. जाता जाता, ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ हे दोन वेगळे शब्द आहेत. आपण दोन्हींना ‘ऑफ’ म्हणतो आणि मग लिहिताना ‘रन आउट’च्या पुढे दोन एफ टाकतो. बंद होण्याचा तो ‘ऑफ’, चा-ची-चे वाला तो ‘ऑव्ह’. उच्चार वेगळा ठेवलात की स्पेलिंग आपोआप सुधारेल.

‘लुक फॉरवर्ड टू’चं आणखी एक. ई-मेलच्या शेवटी सगळे लिहितात, ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. हा ‘टू’ ‘मीट’चा नाही, ‘लुक फॉरवर्ड’चा आहे. शंका आली की पुढे एखादं नाम ठेवून पाहा: ‘लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग’. नाम बसतं ना? मग क्रियापदही नाम होऊनच येणार: ‘टू मीटिंग यू’.

पुढचा चुकांचा गठ्ठा मराठीतून येतो, आणि तो शब्दकोशात शोधून सापडत नाही, कारण दोष इंग्रजी शब्दाचा नसतो. आपला एक शब्द इंग्रजीत चार ठिकाणी फुटतो, हे आपल्या लक्षात येत नाही. ‘बंद’ घ्या. दार बंद केलं, ‘क्लोज’ किंवा ‘शट’. दिवा, पंखा, नळ बंद केला, ‘टर्न ऑफ’. इथे ‘क्लोज द लाइट’ म्हणणारे मी रोज ऐकतो. ट्रक घाटात बंद पडला, ‘ब्रोक डाउन’. समोरचं दुकान बंद झालं आणि पाटीही उतरवली, ‘क्लोज्ड डाउन’. नुसतं रात्रीपुरतं बंद असेल तर ‘डाउन’ नको, नाहीतर ऐकणारा हळहळेल. बिल थकलं म्हणून वीज बंद केली, ‘कट ऑफ’. आणि फोन मध्येच बंद झाला, ‘वी गॉट कट ऑफ’. हे शेवटचं वाक्य तुमच्या टेबलावर लिहून ठेवा, रोज लागेल.

‘उतरणे’ही तसंच. आपण बसमधून उतरतो, रिक्षातून उतरतो, जिन्यावरून उतरतो, म्हणून सगळीकडे ‘गेट डाउन’. इंग्रजीत ‘गेट डाउन’ म्हणजे झाडावरून, शिडीवरून खाली येणं, किंवा गोळीबार चालू असेल तर खाली वाका. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, म्हणजे बस, लोकल, विमान, बोट, त्याला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. जिथे वाकून शिरावं लागतं, म्हणजे कार, टॅक्सी, आपली रिक्षा, तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑव्ह’. घोडा आणि स्कूटर पहिल्या गटात, कारण त्यांच्यावर आपण बसतो, आत नाही.

उलटंही होतं, मराठीत भेद आहे पण इंग्रजी बोलताना आपण तो सोडतो. पाचला जाग आली आणि साडेसहाला उठलो, यातलं पहिलं ‘वोक अप’, दुसरं ‘गॉट अप’. मधला दीड तास पंख्याकडे बघत पडलेल्या माणसाला हा फरक फार महत्त्वाचा. तसंच ‘चष्मा घातला’ ही क्रिया झाली, ‘पुट ऑन’, आणि ‘चष्मा घातलेला आहे’ ही स्थिती, ‘इज वेअरिंग’. ‘ही इज पुटिंग ऑन ग्लासेस’ म्हटलं तर आत्ता या क्षणी कानांवर काड्या चढवतोय असं चित्र उभं राहतं.

आता भावाची गोष्ट. ‘पास आउट’ म्हणजे तिकडे चक्कर येऊन पडणं, शुद्ध हरपणं. लष्करी प्रशिक्षण पूर्ण करण्याला ब्रिटिश इंग्रजीत ‘पास आउट’ म्हणतात, खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते तीच. आपल्याकडे तो बीकॉमलाही लागला. भारतात बोलताना बिनधास्त वापरा, सगळ्यांना कळतो. मी त्याला चूक म्हणत नाही. पण फोन परदेशात असेल तर जपून. याच पंक्तीतले आणखी दोन-तीन: ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ आगंतुक आहे, तो ‘कॅच अप विथ’च्या शेजारामुळे आत शिरला; म्हणा ‘कोप विथ’. ‘रिव्हर्ट बॅक’ऐवजी ‘गेट बॅक टू यू’. ‘प्रीपोन’ हा आपला शब्द मला स्वतःला आवडतो, अगदी तर्कशुद्ध आहे, पण इंग्लंडमधला माणूस ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतो.

माझी एक विद्यार्थिनी नर्स म्हणून इंग्लंडला गेली. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा तिला म्हणाले, ‘आय थिंक आयम गोइंग टू थ्रो अप.’ तिला वाटलं काहीतरी फेकून मारणार, म्हणून ती दोन पावलं मागे सरकली. ‘थ्रो अप’ म्हणजे उलटी होणं. मागे सरकली ते चुकीचं होतं असं मात्र म्हणता येणार नाही. ती सांगत होती की औषधांची लॅटिन नावं तिला कधी अडली नाहीत. दुखणं परत उसळलं म्हणजे ‘फ्लेअर्ड अप’, गुडघा त्रास देतोय म्हणजे ‘प्लेइंग अप’, शुद्धीवर आला म्हणजे ‘केम राउंड’, हे मात्र वॉर्डातच शिकावं लागलं.

ऑफिसातल्या मराठीने एक वेगळाच घोळ केलाय. ‘फॉलोअप घे’, ‘बॅकअप घेतला’, ‘लॉगिन केलं’, ‘ट्रक पिकअपला गेलाय’. हे शब्द आपल्याकडे नामं म्हणून आले, एकसंध. मग इंग्रजी बोलताना त्यांचाच भूतकाळ करायला जातो आणि ‘आय लॉगिन्ड’, ‘ही पिकअप्ड’ असे प्रकार जन्माला येतात. नाम असेल तर शब्द एकत्र, जोर पहिल्या भागावर. क्रिया असेल तर दोन तुकडे वेगळे, आणि काळाचा प्रत्यय पहिल्या तुकड्याला: ‘लॉग्ड इन’, ‘पिक्ड अप’, ‘बॅक्ड अप’, ‘फॉलोड अप’.

फ्रेझल वर्ब म्हणजे गावंढळ, लिहिताना टाळावेत, असं शाळेत सांगितलं जातं. अर्धंच खरं आहे. ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’, ‘फाइंड आउट’ कुठल्याही अहवालात शोभतात. आणि बोलताना ‘आय कॅनॉट टॉलरेट धिस डिले’ म्हणालात तर भांडायला उठल्यासारखं वाटतं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. तुमचे दोनच कप्पे आहेत, फोन आणि माल. त्यातलेच वीसेक घ्या. फोनचे: थांबा जरा, ‘हँग ऑन’. आवाज तुटतोय, ‘यू आर ब्रेकिंग अप’. जोरात बोला, ‘कुड यू स्पीक अप?’. साहेबांना जोडून देते, ‘आय विल पुट यू थ्रू’. फोन ठेवला, ‘हंग अप’. इथे ‘हँग ऑन’शी गल्लत झाली तर ‘थांबा’ म्हणायच्या जागी ‘ठेवा फोन’ होईल, तेव्हा या दोघांची जोडी पक्की करा. मालाचे: आज सकाळी माल निघाला, ‘इट वेंट आउट धिस मॉर्निंग’. बंदरावर अडकलाय, ‘इट इज हेल्ड अप ॲट द पोर्ट’. पुठ्ठ्याचे खोके संपले, ‘वी हॅव रन आउट ऑव्ह बॉक्सेस’. गोंधळ निस्तरते, ‘आय विल सॉर्ट इट आउट’. तारीख पुढे ढकलली, ‘वी पुट इट ऑफ’. अलीकडे आणली, ‘वी ब्रॉट इट फॉरवर्ड’. या शेवटच्या जोडीत नीट बघा, मराठीत ‘पुढे’ म्हणजे उशिरा आणि इंग्रजीत ‘फॉरवर्ड’ म्हणजे लवकर. यातून ट्रक चुकीच्या दिवशी दारात आल्याचं मी ऐकलंय, म्हणून तारीख बदलली की वारही सांगा.

वहीत क्रियापद लिहू नका, अख्खं वाक्य लिहा, आणि शक्यतो ‘इट’ किंवा ‘देम’ घालून, म्हणजे जागेची सवय आपोआप होते. दिवसाला एकच. तो त्या दिवशी खऱ्या फोनवर तीनदा वापरला गेला पाहिजे. नाही वापरला तर दुसऱ्या दिवशी तोच.

बाकी त्या दोन वाक्यांचं म्हणाल, तर मीटिंगचं असं सांगा: ‘समथिंग केम अप, सो वी हॅड टू कॉल इट ऑफ.’ टिचकी ‘ऑफ’वर. आणि भावाबद्दल परत विचारलं तर ‘ही फिनिश्ड कॉलेज लास्ट इयर’ पुरे.